परदेशी संस्थेसोबत काम करताना निर्णय गावाच्या हाती कसे ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातली एक संस्था गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा आणि भामरागड तालुक्यांत बालआरोग्य व पोषणाचे काम करते. युरोपातल्या एका मदतसंस्थेने तीन वर्षांच्या भागीदारीचा प्रस्ताव पाठवला आहे. ‘स्थानिक नेतृत्वाखाली काम’ असे त्यात म्हटले आहे, पण गावांची संख्या, बेसलाइनची (काम सुरू होण्यापूर्वीच्या पाहणीची) प्रश्नावली आणि सल्लागार तिकडूनच ठरून आले आहेत. सही करण्यापूर्वी काय मागावे, कशावर अडून राहावे, आणि गावांचा मान कसा राखावा?

सुरुवात स्वतःकडे पाहून करा. नागपूर ते भामरागड साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तुमचे नागपूरचे ऑफिसही बाहेरचेच. त्यामुळे इथे वाटाघाटी दोन आहेत: युरोप आणि नागपूर यांच्यातली एक, नागपूर आणि गाव यांच्यातली दुसरी. पहिलीत तुम्ही जे हक्काने मागाल, ते दुसरीत गावाला द्यावे लागेल. परदेशी संस्थेकडून सगळे निर्णय ओढून घ्यायचे आणि ते नागपूरच्या कार्यकारिणीत ठेवायचे, हे स्थानिक नेतृत्व नव्हे. दुर्दैवाने अनेक भागीदाऱ्या नेमक्या इथेच येऊन थांबतात.

सर्वांत उपयोगी साधन साधे आहे. एका कागदावर प्रकल्पातले खरे निर्णय लिहा: गावे कोण निवडणार, विषय कोण ठरवणार, फिल्डवरची माणसे कोण नेमणार, बजेटमध्ये बदल कोण करणार, प्रश्नावलीतला प्रश्न कोण गाळू शकेल, माहिती कोणाच्या मालकीची, फोटो कुठे वापरायचे, मूल्यमापन करणारा कोण, आणि काम थांबवायचे तर कोणाच्या सांगण्यावरून. प्रत्येक निर्णयापुढे तीन रकाने काढा: कोण ठरवते, कोणाला विचारल्याशिवाय ठरत नाही, कोणाला फक्त कळवले जाते. हा तक्ता तुम्ही आणि परदेशी संस्थेने एकमेकांना न दाखवता भरायचा आणि मग समोरासमोर ठेवायचा. जिथे उत्तरे जुळत नाहीत तिथेच पुढे भांडण होणार असते, ते आधीच मिटवा. अंतिम तक्ता एमओयूला (सामंजस्य कराराला) परिशिष्ट म्हणून जोडा. बैठकीच्या इतिवृत्तात राहिलेल्या गोष्टी माणसे बदलली की हरवतात, आणि परदेशी संस्थांत कार्यक्रम अधिकारी बऱ्यापैकी लवकर बदलतात.

वाटाघाटीत त्यांनीच मान्य केलेल्या गोष्टी पुढे करायला संकोचू नका. २०१६ च्या मे महिन्यात इस्तंबूलला झालेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठे दाते आणि संस्था यांनी ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा करार केला. २०२० पर्यंत मानवतावादी निधीपैकी किमान २५ टक्के रक्कम शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे जाईल, असे त्यात ठरले होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही. रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची दहा कलमी आचारसंहिता आणखी जुनी आहे. स्थानिक क्षमतांवर काम उभारावे, लाभार्थींना व्यवस्थापनात सामील करून घ्यावे, आणि प्रसिद्धीत त्यांना केविलवाणे न दाखवता सन्मानाने दाखवावे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. हे दस्तऐवज आपत्तीच्या कामासाठी लिहिलेले असले तरी दीर्घ मुदतीच्या कामातही त्यांचा आधार घेता येतो. समोरच्या संस्थेने त्यातल्या कशावर सह्या केल्या आहेत ते शोधा आणि पहिल्याच बैठकीत विचारा.

आता पैसा. तुमची एफसीआरए (परकीय निधीचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी आहे असे धरून सांगतो, कारण ती किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर परकीय निधी घेताच येत नाही. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या आणि परदेशी संस्थांच्या तयार नमुन्यांत त्या बहुधा धरलेल्या नसतात. एक, परकीय निधी दुसऱ्या कोणालाही, अगदी एफसीआरए असलेल्या संस्थेलाही, पुढे वर्ग करता येत नाही. दोन, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तीन, सगळी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येते आणि मग तुमच्या विनियोग खात्यात.

यातली दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. ही मर्यादा आर्थिक वर्षात आलेल्या रकमेवर आहे. त्यामुळे मार्चमध्ये यायचा हप्ता एप्रिलमध्ये आला तर सरत्या वर्षाची मर्यादा एकदम आक्रसते आणि झालेला खर्च तीत बसत नाही. शिवाय प्रशासकीय खर्चात काय काय मोजले जाते हे पाहून पुष्कळ जण चकित होतात: ऑफिसचे भाडे, वीज, फोन, हिशेबनीस आणि व्यवस्थापनाचे पगार, कायदेशीर सल्ला, अहवाल लिहिण्याचा खर्च, आणि वाहनांचा चालवण्या-दुरुस्तीचा खर्चसुद्धा. समजा वर्षाला एक कोटी येणार आहेत, म्हणजे मर्यादा २० लाखांची. दोन गाड्या, प्रत्येकी महिन्याला २,५०० किलोमीटर, किलोमीटरला १४ रुपये धरले तर वर्षाचे ८ लाख ४० हजार फक्त गाड्यांत गेले. उरलेल्या ११ लाख ६० हजारांत हिशेब, ऑडिट, भाडे आणि संचालकाचा पगार बसवायचा आहे. तेव्हा ‘आम्ही ॲडमिनसाठी फक्त ५ टक्के देतो’ असे कोणी म्हटले तर हे गणित त्यांच्यापुढे मांडा. ती कपात भारतीय कायद्याने लादलेली नसते, त्यांची निवड असते. स्वतःच्या मुख्यालयासाठी ते मूळ दात्याकडून किती टक्के घेतात हेही विचारा आणि निदान तोच दर मागा. कमी प्रशासकीय निधीवर राबणाऱ्या संस्थेचा हिशेबनीस दर वर्षी सोडून जातो, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे एफसी-४ हे परकीय निधीचे वार्षिक विवरणपत्र रखडते, आणि मग ‘स्थानिक संस्थांची क्षमता कमी’ असा शेरा तिच्याच अहवालात येतो. हा अन्याय आहे आणि तो बजेटच्या पानावरच थांबवता येतो.

हप्ते आगाऊ हवेत. आधी खर्च करा, मग बिले पाठवा, ही पद्धत स्वतःचा निधी नसलेल्या संस्थेला मारून टाकते. सहामाही हप्ता आणि हाताशी तीन महिन्यांचा खर्च, एवढे तरी मिळवा. करार युरोत असेल तर विनिमय दराने पडणारी तूट कोणी भरायची आणि झालेली वाढ प्रकल्पातच राहील का, हे लिहून घ्या. बजेटच्या शीर्षांमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फेरफार परवानगीशिवाय करता यावेत. आणि निदान १० टक्के रक्कम रिकामी ठेवा, जिचा उपयोग गावे ठरवतील.

हा गावाचा निधी ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या खात्यात अनुदान म्हणून टाकता येणार नाही, निधी पुढे वर्ग न करण्याची वरची अट आडवी येते. पण निर्णय गावाचा आणि खर्च संस्थेचा, अशी रचना करता येते. ग्रामसभा ठराव करते. दरपत्रके गावातली दोन माणसे आणि तुमचा कार्यकर्ता मिळून आणतात. बिल संस्थेच्या नावाने होते, पैसे थेट दुकानदाराला जातात, आणि पुढच्या बैठकीत खर्चाची वही वाचून दाखवली जाते. ही रचना कागदावर आणण्यापूर्वी परकीय निधीचे काम नेहमी पाहणाऱ्या सीएचे लेखी मत घ्या. परदेशी भागीदाराच्या आराखड्यात ‘गावगटांना छोटी अनुदाने’ असा भाग असेलच, तो पहिल्याच फोनवर बदलून घ्या. पैसे आल्यावर बदलायला जाल तर फार उशीर झालेला असेल.

गावाकडे वळू. प्रकल्प आणून ‘तुम्हाला हवा का’ असे विचारले तर पाहुण्याचा मान राखून होकार मिळतो. त्याला संमती समजू नका. किमान दोन बैठका, मध्ये पंधरा दिवस. पहिलीत फक्त माहिती: पैसा कोणाचा, किती, किती वर्षे, गावाकडून काय अपेक्षा, काय मिळणार नाही. होकार मागायचाच नाही. मग तुमची माणसे निघून जातात आणि गाव आपसात बोलते. दुसरीत ठराव. वनहक्क कायद्याच्या नियमांत ग्रामसभेसाठी निम्म्या सदस्यांची उपस्थिती आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया ही अट आहे. तुमच्या कामाला ती लागू नसली तरी मोजपट्टी म्हणून चांगली आहे. ग्रामपंचायतीच्या नव्हे, टोल्याच्या (वस्तीच्या) पातळीवर बसा. पाच टोल्यांची एकच सभा घेतली तर रस्त्यालगतच्या टोल्याचेच ऐकू येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत तुमचा विषय घुसडू नका. सरकारी विषयपत्रिकेच्या शेवटी तो पाच मिनिटांत उरकला जातो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे काम यासाठी जरूर अभ्यासा. तिथे बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय होतात आणि निर्णयापूर्वी अभ्यास गटात विषय चघळला जातो. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव. तुमच्याच कार्यक्षेत्रात असा दाखला असताना ‘समुदाय सहभागाचे प्रशिक्षण’ द्यायला परदेशातून कोणी यावे, याची काही गरज नाही.

कामाचे कॅलेंडर गावाच्या कॅलेंडरवरून करा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपान, जुलैमध्ये धानाची रोवणी. तेंदूच्या हंगामातली कमाई अनेक घरांची वर्षाची रोकड असते. त्या दिवसांत बैठक बोलावणे म्हणजे मजुरी बुडवणे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. युरोपातल्या संस्थेचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल, तर पहिल्या वर्षाच्या मंजुरीत उन्हाळा जातो आणि खर्च दाखवायचा दबाव नेमका रोवणीत येतो. म्हणून पहिले सहा महिने ‘गावांशी बोलणे आणि माणसे नेमणे’ एवढेच उद्दिष्ट ठेवा, आणि त्या काळात खर्च कमी झाला तर निधी परत जाणार नाही हे करारात घाला.

बेसलाइनवर जास्त वेळ खर्च करा, कारण सन्मान आणि अपमान तिथे सर्वांत आधी दिसतो. समजा प्रश्नावलीला दीड तास लागतो आणि घरे ४०० आहेत. म्हणजे ६०० तास, आठ तासांच्या हिशेबाने ७५ दिवसांचे श्रम, आणि तेही बहुतेक बायांचे. हा खर्च कोणत्याच बजेटमध्ये दिसत नाही. आधी अंगणवाडीची नोंदवही, आशाची वही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदी पाहा. तिथे जे आहे ते घरोघरी पुन्हा विचारू नका. उरलेल्या प्रश्नांपैकी ज्याच्या उत्तराने तुमचे काम बदलणार नाही तो प्रत्येक प्रश्न काढा. पोषणाच्या कामाला पंचवीस-तीस प्रश्न सहसा पुरतात.

आहाराचे प्रश्न तर गावात बसूनच बनवावे लागतात. ‘काल मुलाने काय खाल्ले’ या प्रश्नाच्या आयात केलेल्या यादीत दूध, अंडी, मांस असते. खेकडे, ओढ्यातले छोटे मासे, लाल मुंग्यांची चटणी, सात्या (रानातल्या अळंब्या), रानकंद, मोहफुले, टरोट्याची भाजी बहुधा नसते. प्रश्न विचारणारी मुलगी मग यापैकी निम्मे ‘इतर’मध्ये टाकते किंवा लिहीतच नाही, आणि अहवालात गावचा आहार आहे त्याहून दरिद्री दिसतो. त्या चुकीच्या चित्रावर मग पाकिटातले अन्न वाटण्याचा कार्यक्रम उभा राहतो. जुलैतली पाहणी आणि नोव्हेंबरमधली पाहणी यांची तुलनाही करू नका, कारण जंगल आणि कोठार दोन्ही त्या काळात बदललेले असतात. भाषांतर इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून माडियात असे दोन टप्प्यांत झाले की प्रश्न बिघडतो. म्हणून माडियातला प्रश्न दुसऱ्या एका माणसाकडून पुन्हा मराठीत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहा. दुभाष्याला ‘स्थानिक सहायक’ म्हणून रोजंदारीवर न ठेवता त्याला व्यावसायिक मानधन द्या आणि अहवालावर त्याचे नाव घाला.

दंडघेर मोजणार असाल तर पुढची सोय आधी करा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. असे मूल सापडल्यावर कागदावर खूण करून पुढच्या घरी जाणे चालणार नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस राहावे लागते. आईची मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरे असतात, म्हणून कुटुंबे जात नाहीत किंवा अर्ध्यातून परततात. जाण्या-येण्याची गाडी, आईची बुडालेली मजुरी आणि घरच्या मुलांची व्यवस्था एवढे बजेटमध्ये नसेल तर मोजणीच सुरू करू नका. आणि निकाल साठ दिवसांच्या आत गावात, गावच्या भाषेत, चित्रांतून मांडा. मुलांची नावे मात्र चारचौघांत घेऊ नका.

परदेशी सल्लागार नकोतच असे माझे म्हणणे नाही. पण त्याचा टीओआर (कामाची लेखी रूपरेषा) दोघांनी मिळून लिहिलेला असावा, निवडीत तुमचा नकाराधिकार असावा, आणि तो ज्या कामासाठी येतो ते इथे कोणी करू शकत नाही हे आधी तपासलेले असावे. ज्ञान एकाच दिशेने वाहते हा समज सोडायला गडचिरोलीच पुरेसा आहे. ‘सर्च’ या इथल्याच संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून हेच काम देशभर आशांमार्फत सुरू झाले. आलेल्या पाहुण्याने तुमच्या फिल्ड कार्यकर्तीकडून काय शिकायचे, हेही टीओआरमध्ये लिहा.

भेटींबाबत ठाम राहा. एका वेळी तीन-चार जणांहून जास्त नकोत, आणि वर्षाला एका गावात एकच भेट. स्वागतगीत, शाल-श्रीफळ, शाळेच्या मुली रांगेत उभ्या करणे नको. चॉकलेट-वह्यांचे वाटपही नको, ते झाले की पुढच्या प्रत्येक पाहुण्याकडे मुले हात पसरतात आणि दोष त्यांना दिला जातो. गाव जेवू घालणार असेल तर शिधा आणि स्वयंपाकाची मजुरी द्या. भेटीचा निदान अर्धा वेळ गावाने पाहुण्यांना प्रश्न विचारण्यासाठी ठेवा. ‘हा पैसा बंद झाला तर काय’ हा प्रश्न येतोच, तेव्हा उत्तर तयार ठेवून या. औपचारिक बाजूही चोख हवी. प्रकल्पाचे काम पर्यटक व्हिसावर करायचे नसते, मुक्काम जिथे असेल तिथून २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याची नोंद सरकारकडे गेली पाहिजे, आणि जिल्हा पोलिसांना दौऱ्याची पूर्वकल्पना द्या. यात हयगय झाली तर त्याचा त्रास पाहुणा परतल्यावर गावाला आणि तुमच्या कार्यकर्त्यांना होतो.

फोटोंसाठी एकच परवानगी कायमची पुरत नाही. फोटो दाखवा, कुठे छापणार ते सांगा, नंतर मागे घेण्याचा हक्क ठेवा. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती, आणि आजारी किंवा उघड्या मुलाचा फोटो संमती असली तरी नाही. युरोपातल्या संस्थांच्या महासंघाने प्रतिमांबाबत २००६ मध्येच आचारसंहिता केली आहे, ती त्यांच्या प्रसिद्धी विभागाला आठवण म्हणून पाठवा. मजकूर छापण्यापूर्वी तुमची मंजुरी लागेल, असे कलम घाला.

तक्रारपेटी गावात चालत नाही. लिहिता येणाऱ्यांनाच ती उपयोगी, आणि पेटीजवळ कोण गेले ते सगळ्यांना दिसते. प्रकल्पाशी संबंध नसलेली, गावाने निवडलेली एक बाई आणि एक पुरुष तोंडी तक्रार ऐकतील आणि पंधरा दिवसांत उत्तर मिळेल, ही पद्धत बरी. लैंगिक छळ किंवा मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारीची वाट वेगळी असते. भागीदार ‘२४ तासांत आम्हाला कळवा’ म्हणतील, ते कळवा. पण मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि पीडितेची सुरक्षितता व कायदा या दोन्ही गोष्टी दात्याच्या अहवालाच्या आधी येतात.

तुमचा चांगला कार्यकर्ता दुप्पट पगारावर त्यांच्या दिल्ली ऑफिसात जाणे हेही नेहमीचे आहे. माणसाला अडवू नका, ते त्याच्यावर अन्यायाचे होईल. पण प्रकल्पकाळात असे झाले तर बदली माणूस शोधणे आणि शिकवणे याचा खर्च ते देतील, हे लिहून घ्या.

शेवटी करार संपवण्याचे कलम. तयार मसुद्यात बहुधा ‘३० दिवसांच्या सूचनेने निधी थांबवता येईल’ असे असते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी स्थगित केली, तेव्हा जगभरात चालू कामे रातोरात बंद पडली. तो निर्णय स्थानिक संस्थांच्या हातात नव्हता, पण गावांना तोंड त्यांनाच द्यावे लागले. म्हणून १८० दिवसांची मुदत मागा. ती मिळाली नाही तरी तीन खर्च कोणत्याही परिस्थितीत दिले जातील असे लिहून घ्या: कर्मचाऱ्यांच्या नोटीस काळाचा पगार, उपचार सुरू असलेल्या प्रत्येक मुलाचा उपचार पूर्ण होईपर्यंतचा खर्च, आणि शेवटचे ऑडिट. मुलांच्या नोंदी पालकांच्या संमतीने आशा आणि अंगणवाडी सेविकेकडे द्या, खर्चाची वही आणि ठरावांची प्रत ग्रामसभेकडे ठेवा, आणि बंद करण्याची बैठकही सुरुवातीच्या बैठकीसारखी प्रत्येक टोल्यावर जाऊन घ्या.